पर्यटन भूगोल आणि नकाशावाचन कौशल्ये : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

शालेय भूगोलात पर्यटन आणि नकाशावाचन हे दोन घटक बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. पर्यटनाच्या प्रकरणात विद्यार्थी पर्यटनाचे प्रकार, स्थळांची यादी आणि फायदे-तोटे पाठ करतो. नकाशावाचनाच्या प्रकरणात तो चिन्हे व खुणा, प्रमाण आणि समोच्च रेषा शिकतो. परीक्षेत दोन्हींवर गुण मिळतात, परंतु एका घटकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे हे मात्र फारसे स्पष्ट होत नाही. याचा परिणाम कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात दिसतो. प्रवास व पर्यटन, आतिथ्य सेवा किंवा वाहनचालक-मार्गदर्शक अशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाला येणारा विद्यार्थी आपल्या तालुक्यातील दहा स्थळांची नावे सांगू शकतो. पण ती स्थळे तेथेच का आहेत, एकापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास वेळ का लागतो आणि त्यांच्या भोवतालच्या जमिनीचे पुढे काय होणार आहे, हे त्याला नकाशावर दाखवता येत नाही.

प्रस्तुत लेखात गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन लगतच्या तालुक्यांच्या आधारे पर्यटनाच्या मूलभूत संकल्पना आणि नकाशावाचनाची कौशल्ये एकत्र कशी शिकवता येतील याचे विवेचन केले आहे. हे दोन तालुके निवडण्याचे कारण असे की, एकाला समुद्रकिनारा आहे व दुसऱ्याला नाही. एकात अलीकडे विमानतळ आला, तर दुसऱ्यात दीर्घकाळ लोहखनिजाच्या खाणी चालल्या. त्यामुळे पर्यटनाच्या नकाशात काय दाखवले जाते व काय गाळले जाते, याची उदाहरणे येथे जवळजवळ सापडतात.

पर्यटनाच्या मूलभूत संकल्पना

आपले नेहमीचे निवासस्थान सोडून विश्रांती, आनंद, तीर्थयात्रा, अभ्यास, उपचार किंवा व्यवसाय अशा हेतूने एक वर्षापेक्षा कमी काळासाठी केलेला प्रवास व मुक्काम म्हणजे पर्यटन, अशी सर्वसाधारण व्याख्या केली जाते. कोणतेही ठिकाण पर्यटनस्थळ होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : आकर्षण, सुलभता आणि निवासाची सोय. यापैकी एक जरी नसली तरी स्थळाचा विकास खुंटतो. धबधबा सुंदर आहे पण रस्ता नाही, किंवा रस्ता आहे पण मुक्कामाची सोय नाही, अशी स्थळे प्रत्येक तालुक्यात आढळतात.

या तिन्ही गोष्टींना स्थान आहे, म्हणजे त्या नकाशावर दाखवता येतात. आकर्षण हे भूरूप, जलाशय, वनस्पती किंवा वास्तू यांच्या रूपाने दिसते. सुलभता रस्ते, लोहमार्ग, पूल व फेरीमार्गांच्या रूपाने दिसते. निवास वस्तीच्या रूपाने दिसतो. म्हणूनच पर्यटनाचा पाठ नकाशाशिवाय शिकवणे म्हणजे आकृती न काढता भूमिती शिकवण्यासारखे आहे.

अभ्यासक्षेत्राची ओळख

पेडणे हा गोव्याचा सर्वांत उत्तरेकडील तालुका. त्याच्या पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला तेरेखोल नदी व महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा आणि दक्षिणेला शापोरा नदी आहे. डिचोली तालुका त्याच्या आग्नेयेला असून त्याच्या दक्षिणेला मांडवी नदी, पूर्वेला सत्तरी आणि पश्चिमेला बार्देश तालुका येतो. डिचोलीच्या उत्तरेकडील भागालाही महाराष्ट्राची सीमा लागते.

क्षेत्रफळाच्या दृष्टीने दोन्ही तालुके जवळपास सारखे, प्रत्येकी साधारण २४० ते २५० चौरस किलोमीटरचे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ आणि डिचोली तालुक्याची ९७,९५५ होती. म्हणजे पेडण्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे ३०० आणि डिचोलीत सुमारे ४०० माणसे असे प्रमाण पडते. पर्यटकांची गर्दी मात्र याच्या उलट आहे. ती पेडण्याच्या किनाऱ्यावर जास्त असून डिचोलीत कमी आहे. हा विरोधाभास विद्यार्थ्यांपुढे प्रश्न म्हणून ठेवता येतो.

इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही तालुके पोर्तुगीजांच्या ‘नव्या काबिजादी’त मोडतात. तिसवाडी, बार्देश व साष्टी हे भाग सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली व पेडणे हे मुलूख अठराव्या शतकाच्या शेवटी, १७८१ ते १७८८ या काळात त्यांच्या ताब्यात आले. त्याआधी येथे सावंतवाडीकर भोसल्यांची सत्ता होती. जुनी देवळे, मशिदी व लेणी या भागात एकमेकांच्या जवळ आढळतात त्यामागे हा राजकीय इतिहास आहे.

पेडण्यातील प्रमुख स्थळे म्हणजे मोरजी, अश्वे, मांद्रे, हरमल व केरी हे किनारे, हरमलजवळचे गोड्या पाण्याचे तळे, तेरेखोल किल्ला, शापोरा नदीकाठचा हळर्ण किल्ला, पेडण्याची भगवती आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहातील हुतात्म्यांचे पत्रादेवी येथील स्मारक. डिचोलीतील प्रमुख स्थळे म्हणजे मये तलाव, हरवळे येथील लेणी, धबधबा व रुद्रेश्वर मंदिर, लामगावची लेणी, साखळीचे दत्त मंदिर, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शाहजादा अकबर याच्याशी जोडली जाणारी डिचोलीची नमाजगाह, शिरगावचे लईराई देवस्थान आणि नार्वे येथील सप्तकोटेश्वर मंदिर. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान मांडवीपलीकडील दिवाडी बेटावर होते. तेथील मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर देव नार्वे येथे आणला गेला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला.

तीन प्रकारचे नकाशे

विद्यार्थ्याच्या हाती येणारे नकाशे मुख्यतः तीन प्रकारचे असतात. त्यांचा हेतू वेगळा असल्याने मजकूरही वेगळा असतो.

(१) पर्यटन नकाशा : हॉटेलात, माहिती केंद्रात किंवा पुस्तिकेत मिळणारा नकाशा. यात स्थळे चित्रांनी दाखवलेली असतात. बहुतेक वेळा त्यावर प्रमाण नसते. किनारपट्टी मोठी आणि आतील भाग आक्रसलेला असतो.

(२) स्थलनिर्देशक नकाशा : १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, ज्याला बोलीत टोपोशीट म्हणतात. याचे नेहमीचे प्रमाण १:५०,००० असते. उंचसखलपणा, पाणी, वने, शेती, वस्ती व वाहतूक यांची नोंद एकाच पत्रकावर असते.

(३) नियोजन व भूमापन नकाशे : प्रादेशिक आराखड्याचे नकाशे, किनारा व्यवस्थापनाचे नकाशे आणि एक-चौदाच्या उताऱ्यासोबत लागणारा सर्व्हे प्लॅन. हे नकाशे जमिनीचा वापर व मर्यादा ठरवतात. सर्व्हे प्लॅनचे प्रमाण स्थलनिर्देशक नकाशापेक्षा पुष्कळ मोठे असते.

शाळेत विद्यार्थी दुसऱ्या प्रकाराची तोंडओळख करून घेतो, पर्यटन व्यवसायात पहिल्याशी त्याचा संबंध येतो आणि गावचा नागरिक म्हणून तिसऱ्याशी. तिन्हींचे वाचन एकाच कौशल्यावर अवलंबून आहे.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागांची टोपोशीटे दीर्घकाळ प्रतिबंधित वर्गात असल्याने गोव्यातील व कोकणातील शिक्षकांना आपल्याच परिसराचे पत्रक वर्गात वापरणे अवघड होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी वेगळी व जनतेसाठी वेगळी, म्हणजे खुली, अशा दोन मालिका केल्या. २०१७ मध्ये खुल्या मालिकेचे नकाशे सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूस्थानिक माहितीवरील निर्बंध आणखी सैल केले. त्यामुळे दूरच्या प्रदेशाच्या नमुना-पत्रकावर शिकवण्याची सक्ती आता उरलेली नाही.

नकाशावाचनाची कौशल्ये

१. स्थान व पत्रक क्रमांक

१:५०,००० प्रमाणाचे प्रत्येक पत्रक १५ मिनिटे अक्षांश व १५ मिनिटे रेखांश एवढा प्रदेश दाखवते. जुन्या क्रमांकपद्धतीत १५° ते १६° उत्तर अक्षवृत्त आणि ७३° ते ७४° पूर्व रेखावृत्त यांमधील प्रदेशाला ४८ ई असा क्रमांक आहे. त्याचे सोळा भाग पडतात. अंक वरून खाली व मग डावीकडून उजवीकडे, स्तंभाप्रमाणे वाढतात.

या पद्धतीने पेडण्याचे किनारे, म्हणजे तेरेखोल, हरमल, मांद्रे व मोरजी, ४८ ई/१० या पत्रकावर येतात. पेडणे शहर, मोपा, डिचोली शहर, मये व नार्वे ४८ ई/१४ वर येतात. हरवळे ७४° रेखावृत्ताच्या किंचित पूर्वेला असल्याने ते ४८ आय/२ वर जाते. ही स्थळे पाहण्यासाठी तीन पत्रके शेजारी शेजारी मांडावी लागतात आणि ती मांडताच किनारा, मधला पठारी पट्टा व पूर्वेकडील डोंगराळ भाग हा क्रम डोळ्यांपुढे येतो. खुल्या मालिकेची क्रमांकपद्धती वेगळी आहे. परंतु जुन्या पद्धतीचा हा सराव अक्षांश-रेखांशाची कल्पना पक्की करण्यास अद्याप उपयोगी आहे.

रेखांशाचा पर्यटनाशी थेट संबंध दाखवणारे एक सोपे उदाहरण सूर्यास्ताचे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व रेखावृत्तावर ठरलेली आहे. ७३° ४५' रेखावृत्त त्यापासून ८° ४५' पश्चिमेला आहे. दर अंशाला ४ मिनिटे याप्रमाणे फरक ३५ मिनिटांचा येतो. हरमलच्या किनाऱ्यावर सूर्यास्त घड्याळात उशिरा दिसण्याचे एक कारण हेच आहे. सहल आखणाऱ्या विद्यार्थ्याला हे गणित करता आले पाहिजे.

२. प्रमाण व अंतर

१:५०,००० प्रमाणात नकाशावरील १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. तेरेखोल नदीच्या मुखापासून शापोरा नदीच्या मुखापर्यंत पेडण्याची किनारपट्टी सुमारे १३ किलोमीटर आहे; म्हणजे नकाशावर ती सुमारे २६ सेंटिमीटर भरते. दोऱ्याने किनाऱ्याची वळणे मोजून व मग दोरा रेषाप्रमाणावर ठेवून विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे.

दुसरे उदाहरण हरमल व हरवळे यांचे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३७ किलोमीटर आहे. सपाट प्रदेशात एवढे अंतर तासाभरातही कापता येईल. येथे मात्र सरळ रेषा शापोरा नदी ओलांडते, आणि नदी ओलांडायची तर ठरावीक पुलांकडेच जावे लागते. रस्त्याचे अंतर व लागणारा वेळ त्यामुळे वाढतो. किनाऱ्यावर उतरलेला पर्यटक अर्ध्या दिवसात धबधबा पाहून परतण्याचा बेत का टाळतो, याचे उत्तर मोजपट्टीने सापडते. ‘आतील भागात पर्यटक येत नाहीत’ या तक्रारीला आकर्षणाच्या अभावापेक्षा सुलभतेचा प्रश्न अधिक कारणीभूत आहे का, याची चर्चा येथे घडवता येते.

३. समोच्च रेषा व उतार

समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना समोच्च रेषा म्हणतात. या प्रमाणाच्या पत्रकावर दोन लगतच्या रेषांमध्ये २० मीटरचा फरक असतो. दोन रेषांमधील अंतर २ मिलिमीटर असेल तर जमिनीवर १०० मीटर चालताना २० मीटर चढ आहे, म्हणजे उतार १:५ आहे. तेच अंतर १ सेंटिमीटर असेल तर उतार १:२५ होतो. पहिल्या ठिकाणी वयस्क यात्रेकरूंना पायऱ्या लागतील, दुसऱ्या ठिकाणी बस सहज चढेल.

पेडण्यात समोच्च रेषा पाहिल्या की माथ्यावर रेषा विरळ आणि कडेला दाट असा आकार वारंवार दिसतो. हा जांभ्या दगडाचा सडा. वरून तो उजाड दिसतो. पण पावसाचे पाणी जांभ्यातून झिरपून कडेच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि त्यावर खालची कुळागरे व वायंगणाची शेती चालते. नकाशावर ओहोळांच्या निळ्या रेषा नेमक्या कोठून सुरू होतात हे पाहिले तर हा संबंध कळतो.

समोच्च रेषा नसलेला भागही वाचता आला पाहिजे. पहिली रेषा २० मीटरची असल्याने किनारा, नदीकाठ व खाजन जमीन यांवर एकही रेषा येत नाही. अशी जागा विद्यार्थ्याला मोकळी व सपाट वाटते. प्रत्यक्षात खाजन ही भरतीच्या पातळीखालची शेतजमीन आहे. बांध व मानस यांच्या साहाय्याने खारे पाणी रोखून ती राखलेली असते. मांडवी व शापोरा नद्यांच्या काठी अशा जमिनी आहेत. बांध फुटला किंवा भराव टाकला गेला तर काय होईल, हे रेषा नसलेल्या त्या जागेतच दडलेले आहे.

४. चिन्हे, खुणा व रंग

टोपोशीटवर साधारणतः निळा रंग पाण्यासाठी, हिरवा वनस्पतींसाठी, पिवळा शेतीसाठी, तपकिरी समोच्च रेषांसाठी आणि लाल रंग रस्ते व वस्तीसाठी वापरतात. मंदिर, मशीद, चर्च, किल्ला, विहीर, फेरी यांसाठी स्वतंत्र खुणा व संक्षेप असतात. मांडवीवर नार्वे व दिवाडी यांमधील आणि तेरेखोल नदीवर केरी व तेरेखोल यांमधील फेरीमार्ग शोधण्याचा सराव द्यावा.

तेरेखोलचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तालुक्याची उत्तर सीमा नदी आहे असे ढोबळमानाने म्हटले जाते. पण सीमारेषेची खूण बारकाईने पाहिली तर तेरेखोल गाव व किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही पेडणे तालुक्यात येतात. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये जिंकला आणि सीमा नदीपलीकडे गेली. १९५४ मध्ये याच किल्ल्यावर गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला. नकाशावरील एका छोट्या वळणामागे असा इतिहास असतो.

५. नावांची ओळख

गोव्याच्या नकाशावर एकाच गावाची दोन रूपे आढळतात. पोर्तुगीज वळणाच्या लेखनात पेडणे ‘पेर्नेम’, डिचोली ‘बिचोलिम’, हरमल ‘आरांबोल’, साखळी ‘सांकेलिम’, हरवळे ‘आर्व्हालेम’ आणि नार्वे ‘नारोआ’ होते. नदीबाबतही असेच घडते. महाराष्ट्रातून येणारी तिळारी गोव्यात कोलवाळची नदी व पुढे शापोरा या नावांनी ओळखली जाते. तिळारी धरणाचे पाणी सोडले की कोलवाळच्या काठावर सावधगिरीचा इशारा का दिला जातो, हे नावे जोडता आली तरच समजते. विद्यार्थ्यांनी आपल्या वाड्यावस्त्यांची, तळ्यांची व सड्यांची स्थानिक नावे पत्रकावर पेन्सिलीने लिहावीत. छापील नकाशात न आलेली पुष्कळ माहिती यातून जमा होते.

६. सर्वेक्षणाचे वर्ष

नकाशा ज्या वर्षी पाहणी केली त्या वर्षाचे सत्य सांगतो. जुन्या पत्रकावर १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झालेला कोकण रेल्वेमार्ग नाही. मोपाच्या सड्यावर नुसत्या समोच्च रेषा आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालेला व जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झालेला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ तेथे नाही. त्याची तीन किलोमीटरांहून लांब धावपट्टी आजच्या पत्रकावर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा घेईल. जुने व नवे पत्रक शेजारी ठेवून काय वाढले व काय गेले याची यादी करणे हा उत्तम प्रात्यक्षिक पाठ आहे.

डिचोलीत हा बदल उलट्या दिशेने, जमिनीच्या खाली दिसतो. टेकडी होती तेथे खाणीचा खड्डा दिसतो आणि समोच्च रेषा वर चढण्याऐवजी आत उतरत जातात. शिरगावसारख्या गावात खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्याने विहिरी व शेतीच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. गोव्यातील खाणकाम २०१२ मध्ये थांबले, काही काळ पुन्हा चालले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडले. २०२४ मध्ये लिलाव झालेल्या खाणपट्ट्याच्या रूपाने डिचोली तालुक्यात ते पुन्हा सुरू झाले. बंदीच्या काळात ट्रक व बार्जवर अवलंबून असलेल्या कुटुंबांना पर्यटन हा पर्याय सुचवला गेला. पर्यटन नकाशावर मात्र मये तलाव व हरवळेचा धबधबा असतो, खाणी नसतात. ज्या विद्यार्थ्याला पर्यटनातून उपजीविका करायची आहे त्याला दोन्ही एकाच पत्रकावर पाहता आले पाहिजे. कारण धबधब्याचे पाणी आणि खाणीचा खड्डा एकाच पाणलोटात असू शकतात.

नकाशावाचन आणि नागरिकाचा निर्णय

नकाशावाचनाचे महत्त्व केवळ सहल आखण्यापुरते नाही, हे पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण मोपाचेच. विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीसाठी केलेल्या अर्जात प्रकल्पापासून १५ किलोमीटरच्या आतील संवेदनशील क्षेत्रांची माहिती द्यायची होती. ती पूर्णपणे दिली गेली नव्हती, हा सर्वोच्च न्यायालयापुढील एक मुख्य मुद्दा ठरला. २०१९ मध्ये न्यायालयाने मंजुरी स्थगित करून फेरतपासणी करायला सांगितली व जानेवारी २०२० मध्ये अधिक अटींसह स्थगिती उठवली. वर्गात हा प्रश्न कंपासपेटीने सोडवता येतो. १५ किलोमीटर म्हणजे नकाशावर ३० सेंटिमीटर. मोपा हे ४८ ई/१४ च्या वरच्या कडेजवळ असल्याने वर्तुळ पूर्ण करण्यासाठी उत्तरेकडील ४८ ई/१३ हे पत्रक जोडावे लागते. थोडा भाग बाजूच्या पत्रकांवरही जातो. जोडताच लक्षात येते की वर्तुळाचा बराच भाग राज्याची सीमा ओलांडून सिंधुदुर्ग जिल्ह्यात जातो. फक्त गोव्याचा नकाशा पाहणाऱ्याला तो भाग दिसणारच नाही.

दुसरे उदाहरण किनाऱ्याचे. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना १९९१, २०११ व २०१९ मध्ये निघाल्या. त्यांतील अंतरे भरतीरेषेपासून मोजली जातात. १:५०,००० प्रमाणात ५०० मीटर म्हणजे १ सेंटिमीटर आणि २०० मीटर म्हणजे अवघे ४ मिलिमीटर. साध्या पेन्सिलीची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघच २५ मीटर जागा व्यापते. मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे ज्या पट्ट्यात अंडी घालतात तो पट्टा या नकाशावर जेमतेम रेघेइतका आहे. १:२,००० प्रमाणाच्या नकाशावर मात्र तेच २०० मीटर १० सेंटिमीटर होतात. कोणत्या प्रश्नासाठी कोणत्या प्रमाणाचा नकाशा मागायचा, हे समजणे हा नकाशावाचनाचा गाभा आहे.

तिसरे उदाहरण प्रादेशिक आराखड्याचे. गोव्याचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला. गावोगावच्या शेतजमिनी व टेकड्यांवर वसाहतीचा रंग चढल्याचे नागरिकांच्या लक्षात आले, गोवा बचाव अभियानाचे आंदोलन उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला. पुढे ‘प्रादेशिक आराखडा २०२१’ तयार करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले गेले व गावपातळीवरील नकाशे लोकांच्या सूचनांसाठी ठेवले गेले. २०२३ मध्ये पेडणे तालुक्यातील किनारी गावांच्या विभागीय आराखड्याच्या मसुद्यावर पुन्हा तसाच वाद झाला आणि विरोधानंतर तो बाजूला ठेवण्यात आला. बाजू कोणतीही असो, ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावल्यावर सूची वाचणारा, प्रमाण ओळखणारा आणि आपल्या सर्व्हे क्रमांकाची जागा दाखवणारा माणूस गावात असणे गरजेचे असते. हे काम फक्त अभियंता व वकील यांच्यावर सोडले तर बहुसंख्य लोक निर्णयाबाहेर राहतात.

वर्गासाठी उपक्रम

(१) एकच पर्यटन पुस्तिका व संबंधित टोपोशीट गटांना द्यावे. पुस्तिकेत आहे पण टोपोशीटवर नाही आणि टोपोशीटवर आहे पण पुस्तिकेत नाही, अशा दोन याद्या करून घ्याव्यात. प्रत्येक वगळणुकीचे संभाव्य कारण लिहावे.

(२) डिचोली शहर केंद्र धरून नमाजगाह, लामगावची लेणी, मये तलाव व नार्वेचे मंदिर जोडणारा एक दिवसाचा मार्ग आखावा. प्रत्येक टप्प्याचे रस्त्याचे अंतर, चढउतार, सावली व पाण्याची सोय नोंदवावी. वेगवेगळ्या धर्मपरंपरांच्या व काळखंडांच्या खुणा इतक्या जवळ आहेत ही गोष्ट मार्गाच्या टिपणीत यावी.

(३) केरी ते मोरजी किनाऱ्याचा छेद घेऊन किनारा, वाळूच्या टेकड्या, शेती व सडा यांचा क्रम आकृतीत दाखवावा.

(४) पावसाळा व उन्हाळा असे दोन पर्यटन नकाशे तयार करावेत. गोव्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. हरवळेचा धबधबा तेव्हा भरलेला असतो, तर समुद्रकिनारे पोहण्यास धोकादायक असतात. दोन्ही तालुक्यांचे हंगाम परस्परपूरक आहेत हे यातून दिसेल.

(५) मोबाइलवरील नकाशा व टोपोशीट यांची तुलना करावी. मोबाइल मार्ग सांगतो, परंतु चढ, पाणलोट व सीमा यांविषयी सहसा काही सांगत नाही. दोन्ही साधने एकत्र वापरण्याची सवय लावावी.

मूल्यमापन करताना स्थळांची नावे पाठ विचारण्याऐवजी ‘हे स्थळ येथेच का?’, ‘तेथे पोहोचण्यात अडथळा कोणता?’ आणि ‘या स्थळाचे पाणी कोठून येते?’ असे तीन प्रश्न नकाशासह विचारावेत.

समारोप

पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या नकाशांवरून असे दिसून येते की पर्यटनाचा विकास आकर्षणापेक्षा सुलभतेवर अधिक अवलंबून असतो, आणि आकर्षण टिकणे भोवतालच्या पाण्यावर, उतारावर व जमिनीच्या वापरावर अवलंबून असते. पर्यटन नकाशा यापैकी पहिली गोष्ट थोडीफार दाखवतो, दुसरी दाखवत नाही. ती दाखवणारा नकाशा आज शिक्षकांना सहज उपलब्ध आहे. उणीव आहे ती त्याच्या नियमित वापराची.

कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी बहुधा त्याच परिसरात राहणारा व तेथेच रोजगार करणारा असतो. तो उद्या टॅक्सी चालवेल, घरगुती निवासाची सोय करील, मार्गदर्शक होईल आणि ग्रामसभेतही बसेल. या सर्व भूमिकांत त्याला आपल्या तालुक्याचा नकाशा स्वतः वाचता यावा, या दृष्टीने पर्यटन व नकाशावाचन हे दोन पाठ एकत्र शिकवणे आवश्यक आहे. त्यासाठी खर्चिक साधनांची गरज नाही. तीन पत्रके, एक मोजपट्टी, दोरा आणि कंपास एवढ्यावर सुरुवात करता येते.